टाकांमधला घोडेस्वार

माझं आजोळ सातारा तालुक्यात. तिथल्या देव्हाऱ्यात टाकांच्या ओळीला एक गोल रुप्याचं नाणं होतं, जुन्या कलदार रुपयाहून थोडं मोठं. त्यावर उघड्या अंगाचा घोडेस्वार. आजी त्याला खंडोबा मानायची. दर रविवारी इतर टाकांबरोबर चिंचेने घासायची, धुवायची, भंडारा वाहायची. दुसऱ्या बाजूचा चेहरा घासून घासून पार सपाट झाला होता. एका रविवारी मामाने ते पुसताना उजेडात आडवं धरलं आणि कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं दिसली. नंबर, हुद्दा शिपाई, नाव आणि पलटण : ११७ मराठा.

ते पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल होतं. घोडेस्वार म्हणजे सेंट जॉर्ज, आणि सपाट झालेला चेहरा बादशहा पंचम जॉर्जचा. लढणाऱ्या शिपायाला ते चांदीचं मिळे, मजुरांच्या तुकड्यांना ब्राँझचं. आजोबांचा थोरला चुलता 'बसऱ्याला गेला तो आलाच नाही', इतकंच घरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. नाव मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. ते देव्हाऱ्यातच होतं, आणि त्याची रोज पूजा होत होती.

नाव आणि पलटण कळली की पुढची वाट बरीच मोकळी होते. ११७ मराठा ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. ही डिव्हिजन १९१४ च्या नोव्हेंबरात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, बसऱ्याला उतरली, बगदादच्या दिशेने निघाली, टेसिफोनला अडली आणि मागे येऊन कुत-अल-अमारात कोंडली गेली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा चालला. अन्न संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले. घोड्याचं मांस आपल्या पुष्कळ शिपायांनी कितीतरी दिवस तोंडाला लावलं नाही. शरणागतीनंतर सुमारे १३,००० माणसं कैद झाली. त्यातल्या हिंदी शिपायांना रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपलं. आमच्याच तालुक्यातल्या अपशिंग्याचे ४६ जण त्या युद्धात मारले गेले. त्या गावाला लोक आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात.

ज्यांची कबर सापडली नाही अशा मेसोपोटेमियातल्या ४०,००० हून अधिक सैनिकांसाठी बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. त्याच्या दगडावर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत. हिंदी शिपायांचा तिथे पलटणीखाली नुसता आकडा आहे. हे वाचलं तेव्हा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये या भेदभावाबद्दल माफी मागितली. पण त्याच कमिशनच्या नोंदवहीत नावं लिहिलेली आहेत, आणि ती घरबसल्या इंटरनेटवर पाहता येतात. अनेक नावांपुढे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही आहे. आडनाव पुष्कळदा नसतं, असलं तर ओळखू येत नाही, कारण लिहिणाऱ्याने कानाला लागेल तसं लिहिलंय. म्हणून आडनावामागे न लागता बापाचं नाव आणि गाव धरून शोधावं. आमचा माणूस तसाच सापडला.

इंग्लंडमधल्या सैनिकाचं घर शोधणाऱ्याला याहून सोपं जातं. तिथे १९११ च्या जनगणनेचे तक्ते कुटुंबप्रमुखाच्या हस्ताक्षरात जपलेले आहेत. लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली, किती जगली, किती गेली, हेही त्यात दिसतं. आपल्याकडेही १० मार्च १९११ ला शिरगणती झाली. तक्त्यांवरून चिठ्ठ्या निघाल्या, चिठ्ठ्यांवरून बेरजा झाल्या, आणि छापील अहवालांत बेरजाच उरल्या. त्या बेरजेत माझ्या आजोबांचा चुलता, त्याची म्हातारी आई, सगळे आहेत. पण एकेकटे वेगळे काढता येत नाहीत.

जनगणनेचे तक्ते उरले नसले तरी आपली गावची दप्तरं आहेत. गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुक, त्यात जन्म-मृत्यू. बारशाआधीची नोंद असल्यामुळे तिथे पुष्कळदा बापाचं नाव आणि पुढे 'मुलगा' एवढंच असतं. मग हक्कनोंदीचे फेरफार. त्या काळच्या बऱ्याचशा नोंदी मोडीत आहेत, तेव्हा मोडी वाचणारा गाठावा लागतो. मामा एका निवृत्त गुरुजींना घेऊन हे फेरफार पाहायला गेला. गुरुजींनी पिवळ्या पडलेल्या पानावर बोट ठेवून सावकाश वाचलं : अमुक मयत, वारस बायको. आणि तिचं नाव.

मामा तिथेच खाली बसला. कारण तिचं नाव घरात कुणाला माहीतच नव्हतं. आजोबांना लहानपणापासून तिनेच वाढवलं. घरात, भावकीत, गावात सगळे तिला 'थोरली काकी' म्हणत आणि ती गेल्यावरही तेच म्हणत राहिले. आम्ही शोधायला निघालो होतो पलटणीतल्या माणसाला. त्याचं नाव निदान सरकारने चांदीवर ठोकून पाठवलं होतं. तिचं फक्त त्या एका ओळीत राहिलं होतं, आणि तेही जमिनीचा तुकडा मध्ये आला म्हणून. यंदा सर्वपित्री अमावास्येला आजीने दोन्ही नावं घेऊन पान वाढलं. घोडेस्वार मात्र तिने टाकांमधून हलवू दिला नाही, आणि मला ते योग्य वाटलं.

तुमच्याही देव्हाऱ्यात, ट्रंकेत, आजीच्या बटव्यात असं एखादं रुप्याचं गोल पदक असेल. ते आता चिंचेने घासू नका. उजेडात आडवं धरून भिंगाने त्याची कडा वाचा आणि अक्षरं जशीच्या तशी उतरवून घ्या. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा. त्या शिपायाच्या बापाचं नाव विचारा, गाव विचारा, आणि त्याच्या बायकोचं नाव विचारायला विसरू नका.