मताची किंमत कोण चुकवतो?

माझे अब्बा किराणा दुकान चालवत. गिऱ्हाइकाच्या हातावर उरलेले पैसे ठेवताना ते नेहमी म्हणत, "इथंच मोजून घ्या." देणाऱ्याने दोनदा मोजायचे, घेणाऱ्याने एकदा, हा त्यांचा शिरस्ता. पैशाची चूक म्हणजे कोणाच्या तरी घामाची चूक, असे ते मानत.

आज आमच्या चौकात 10 रुपयांचा चहा घेतला तरी खिशातून मोबाईल निघतो. 2016 च्या एप्रिलमध्ये यूपीआय आले आणि पाहता पाहता भाजीच्या गाडीपर्यंत पोहोचले. कोड टिपला की समोरच्याचे नाव दिसते. आपण ते वाचतो, रक्कम टाकतो, पुन्हा पाहतो आणि मग पिन दाबतो. दुकानातला डबा पैसे मिळाल्याची हाळी देतो, तेव्हा कुठे दोघांचा जीव भांड्यात पडतो.

त्याच बाकावर, त्याच मोबाईलवर, त्याच अंगठ्याने आपण आणखी एक व्यवहार करतो. कुठल्या तरी युद्धाचे चित्र येते, कुठल्या तरी समाजाविषयी मजकूर येतो. चहा निवण्याआधी तो चार ठिकाणी पुढे गेलेला असतो. इथे कोणी नाव वाचत नाही, रक्कम तपासत नाही. 10 रुपयांसाठी एवढी दक्षता आणि मतासाठी एवढा निष्काळजीपणा, असे का व्हावे?

मला सुचलेले उत्तर फारसे सुखाचे नाही. पैसे चुकीच्या माणसाला गेले तर नुकसान माझे होते. मत चुकले तर नुकसान दुसऱ्याचे होते, आणि तो दुसरा बहुधा माझ्या बाकावर बसलेला नसतो.

8 नोव्हेंबर 2016 ला 500 आणि 1000 च्या नोटा बाद झाल्या. तेव्हा याच चौकात ठामपणे सांगितले जात होते की, काळ्या पैशांच्या थप्प्या आता रद्दीत जाणार. मीही तेच बोलत होतो. पुढे 2018 च्या अहवालात रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की, बाद नोटांपैकी 99 टक्क्यांहून अधिक रक्कम परत आली. त्या दिवशी चौकात कोणी म्हणाले नाही की, आमचा अंदाज चुकला. मीही म्हणालो नाही. मधल्या काळात रांगेत उभे राहून ज्यांचा रोजगार बुडाला, त्यांच्याकडे आमच्या मताचे बिल परस्पर गेले होते.

जगाच्या राजकारणाचेही तसेच. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबानने काबूल घेतले आणि अमेरिकेने आपल्याकडे असलेली अफगाण मध्यवर्ती बँकेची सुमारे 7 अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. आमच्या बाकावर निकाल लगेच लागला. कोणी म्हणाले, "बरी जिरली." कोणी म्हणाले, "अमेरिकेचा दरोडाच हा." तिकडे बँकांनी आठवड्याला किती रक्कम काढता येईल यावर मर्यादा घातली. आपल्याच खात्यातल्या पैशांसाठी एखादा मास्तर किंवा एखादी विधवा रांगेत उभी असेल, हे दोन्ही बाजूंच्या कोणाच्याच बोलण्यात आले नाही. काफिला आणि झेंडे दिसत होते, माणूस दिसत नव्हता.

कोणी विचारेल, मग सामान्य माणसाने मतच ठेवू नये काय? सगळे तज्ज्ञांवर सोपवावे? तसे मी म्हणणार नाही. नोटाबंदीत काय घडते आहे हे दूरदर्शनवरच्या पंडितांआधी भाजीवालीला कळले होते. तिचे मत स्वतःच्या कमाईचे होते. ऐकीव मत मात्र उसने असते. उसने घेऊ नये असे नाही. पण ते उसने आहे याची आठवण ठेवावी, आणि फेडायची वेळ आली तर तोंड लपवू नये.

हे मी कोणाला शिकवण्यासाठी लिहीत नाही. जून 2018 मध्ये मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचा एक मजकूर माझ्याकडे आला. "खबरदारी म्हणून" मी तो गल्लीतल्या लोकांना पाठवला. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी एक बोहारीण दर महिन्याला आमच्याकडे यायची. चार दिवसांनी ती आली, तेव्हा पोरांनी तिला गल्लीच्या तोंडाशी अडवले, गाठोडे उपसले, भांडी फेकली. मी घरातून धावत गेलो तोवर ती निघून गेली होती. 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच अफवेने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा जीव घेतला. ती बातमी वाचताना माझा हात थरथरत होता. मोठ्या गुन्ह्यात आणि माझ्या खबरदारीत अंतर होते ते नशिबाचे. माझ्या शहाणपणाचे त्यात काही नव्हते.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. म्हणजे पाच वेळा चूक करण्याची मुभा उरली. बाकीचा हिशेब आपल्यालाच ठेवायचा आहे. आता एखादा मजकूर पुढे धाडण्यापूर्वी मी स्वतःला एकच विचारतो: हे खोटे निघाले तर कोणाला भोगावे लागेल? बऱ्याचदा अंगठा तिथेच थांबतो.

ती बोहारीण पुन्हा आली नाही. एका स्टीलच्या डब्याचे तिचे 40 रुपये आमच्याकडे बाकी आहेत. बायकोने ते वेगळे काढून ठेवले आहेत. आज मोबाईलवरून कुठेही पैसे पाठवता येतात, पण तिला पाठवता येत नाहीत. दहा वर्षे ती आमच्या दारात येत होती, आणि आम्ही तिचे नावही कधी विचारले नव्हते.