बुरशीला गुरुवारची सुट्टी नसते

पुन्हा फोन केलास. पुन्हा तोच प्रश्न. सर, घरच्या मीडिया पीसीवर कोडी टाकू की जेलीफिन? की सरळ प्लेक्स घेऊ? गेल्या दिवाळीला हेच विचारलं होतंस. त्याच्या आदल्या दिवाळीलाही. तेव्हा सांगितलं तेच आज सांगतो. कोडी टीव्हीसमोर बसून दाखवतो, जेलीफिन मागे बसून फायली सांभाळतो, दोघं एका घरात सुखाने नांदतात. यात निवडायचं काय आहे? पण तुला उत्तर घ्यायचंच नाही. प्रश्न शिल्लक आहे तोवर हात हलवावा लागत नाही, हे गणित तुला पक्कं जमलंय.

तुझ्या घरात काय काय पडलंय ते आता माझ्याच तोंडून ऐक. एन100 चा मिनी पीसी, खोक्यात. चार टीबीची हार्ड डिस्क, पिशवीसुद्धा न फोडलेली. ट्यूनर कार्ड. कॅप्चर डोंगल. रिमोटसाठी आयआर रिसीव्हर. जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेला व्हीसीआर, तो माळ्यावर. सबवूफर तेवढा धड लागलाय, कारण त्याला अक्कल लावावी लागत नाही, वायर लावली की झालं. आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात, आईच्या जुन्या साडीत गुंडाळलेल्या सहा कॅसेटी. हा सगळा बाजार ज्यांच्यासाठी भरवला, त्या.

त्यातली एक मी उघडून पाहिली. तू आत चहा आणायला गेला होतास तेव्हा. लेबलवर तुझ्या आईचं अक्षर, शाई फिकी पडलेली: काकाचं लग्न, 1994. कडेचं बटण दाबून झाकण वर केलं आणि उजेडात धरली. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरे ठिपके दिसले. ती धूळ नव्हे, बुरशी आहे. पवनेच्या काठचा पावसाळा, बंद कपाट आणि सुती साडी. आणखी काय हवं तिला? गुरुवारी चाकणच्या कंपन्यांना सुट्टी असते रे, बुरशीला नसते.

त्या कॅसेटमध्ये काय आहे ठाऊक आहे ना? की तेही विसरलास? 1997 मध्ये तुमचं पुनावळे गाव महापालिकेत गेलं. हे लग्न त्याआधीचं, ग्रामपंचायतीच्या पुनावळ्यातलं. मांडव तुमच्याच शेतात पडला होता. आज तिथे टॉवरचं पार्किंग आहे आणि तुझी गाडी तिथेच उभी असते. तुझे आजोबा त्यात बोलतात. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठे आहे? मोबाईल त्यांनी पाहिला नाही. फोटोला आवाज नसतो. आणि तू मला ॲटमॉस स्पीकर किती घ्यावेत ते विचारतोस! मोनो आहे ती कॅसेट. एका स्पीकरचं काम.

लग्नाच्या मांडवात वाजंत्र्यांवरून वाद घालत बसलास आणि इकडे मुहूर्त टळतोय.

‘थोडं थांबतो सर, नवी चिप येतेय.’ कशासाठी? व्हीएचएसचं चित्र पाल पद्धतीत 576 ओळींचं, सेकंदाला 25 चौकटी. ते टिपायला दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप पुरतो. तुझा एन100 तर एव्ही1 सुद्धा हार्डवेअरवर उलगडतो, वीज खातो जेमतेम. तुझ्या खोक्यातलं यंत्र कामाच्या मानाने आधीच दसपट थोर आहे. थोर नाही तो त्याचा मालक.

‘वेळ मिळत नाही.’ बरं. अंडरपासला तासभर अडकतोस हे मान्य, पावसात तिथे पाणी तुंबतं हेही मान्य. पण त्या तासात काय करतोस? मिनी पीसीचे रिव्ह्यू बघतोस. एकाच मशीनचे पाच जणांकडून. इतक्या वेळात व्हीसीआरचं हेड पुसून झालं असतं.

आणि तुला येत नाही असं तर मला सांगूच नकोस. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मिथटीव्हीवर बातम्या आपोआप रेकॉर्ड करणारा प्रोजेक्ट कोणी केला होता? भंगारातल्या पीसीवर, 512 एमबी रॅमवर? तेव्हा खिशात पैसे नव्हते, म्हणून डोकं चाललं. आज चाकणला लाईन बंद पडली की रात्री दोनला उठून जातोस आणि पीएलसी सरळ करूनच परततोस. तिथे सुपरवायझरला म्हणतोस का, थांबा साहेब, आधी बाजारात चांगला पीएलसी कोणता ते बघतो? ढ पोरावर मी शब्द खर्च करत नाही. तुझ्यावर करतोय ते तू ढ नाहीस म्हणून.

ट्यूनर कार्डाचं रडगाणंही ऐकलं. पैसे भरायच्या वाहिन्या त्यावर लागत नाहीत म्हणे. कशा लागतील? सिग्नल कुलूपबंद येतो, किल्ली कंपनीच्या सेट-टॉप बॉक्समध्ये. बॉक्सच्या एचडीएमआयमधून काढायला जावं तर तिथे एचडीसीपीचा पहारा. हे तू वर्गात शिकला आहेस, माझ्याच. सह्याद्री वाहिनी हवी असेल तर डीडी फ्री डिश आहे. महिन्याचे पैसे नाहीत, जीसॅट-15 वरून येते, 93.5 अंश पूर्वेवरून. पण तू डिशची छत्री लावलीस कुठे? बाल्कनीत. बाल्कनी कुठल्या दिशेला? पश्चिमेला, हायवेकडे. आपल्या पुण्यातून तो उपग्रह आग्नेयेला दिसतो, क्षितिजापासून साठेक अंश वर. तुझी छत्री बिचारी ट्रक मोजत बसली आहे आणि तू म्हणतोस कार्ड खराब. नाचता येईना अंगण वाकडं. गच्चीवर लाव, सोसायटीला चार ओळींचा अर्ज दे. पण ते नंतर. मालिका पुन्हा लागतील, आजोबा लागणार नाहीत.

‘कॅसेटी कुठे पळून जातायत?’ असं बायकोला म्हणालास ना? जातायत. 2016 च्या जुलैत फुनाई या जपानी कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं, ती शेवटची कंपनी होती. आता एक यंत्र दुरुस्त करायला दुसरं मारावं लागतं. पट्टे वितळतात, हेड झिजतं, आणि फितीवरचा चुंबकीय लेप स्वतःहूनच सैल होत जातो. यंत्र आणि फीत दोन्ही एकाच वेळी म्हातारी होतायत.

कधी लॉ कॉलेज रोडला गेलास तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयापुढे दोन मिनिटं थांब. 1964 मध्ये ते सुरू झालं. पी. के. नायर या माणसाने फाळक्यांच्या घरातून, कोणाच्या गोदामातून, मिळेल तिथून रिळं गोळा केली. 1931 चा आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’. त्याची एकही प्रत आज सापडत नाही. पुढच्याच वर्षीचा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आजही बघता येतो. एका वर्षाचं अंतर. एकाची रिळं कोणीतरी जपली, दुसऱ्याच्या वेळी सगळे म्हणाले असतील, कुठे पळून जातायत. तुझ्या काकाच्या लग्नासाठी नायर येणार आहेत का?

आता ऐक, आणि लिहून घे, कारण पुन्हा सांगणार नाही.

बुरशीची कॅसेट तशीच व्हीसीआरमध्ये कोंबू नकोस. हेड घाण होईल आणि उरलेल्या पाचांनाही लागण होईल. कॅसेटचे खालचे पाच स्क्रू काढ. गॅलरीत बस, तोंडाला मास्क लाव, कोरड्या मऊ फडक्याने रिळाच्या कडा पूस. आधी सगळ्यात स्वच्छ, बिनमहत्त्वाची कॅसेट चालवून यंत्र तपास. मग लग्नाची. सेटिंगमध्ये पाल निवड, 720 बाय 576. इंटरलेस तसंच ठेव, ते नंतर काढता येतं. एमपेग-2, आठ मेगाबिट. तासाला साडेतीन जीबीच्या आसपास होतात, म्हणजे तीन तासांची कॅसेट अकरा जीबीत बसते. तुझ्या डिस्कवर अशा साडेतीनशे मावतील. आहेत सहा. कोडी, जेलीफिन, पोस्टर, मेनू, रिमोट, सगळं त्यानंतर. एक प्रत पेनड्राइव्हवर घालून काकाकडे दे, एकाच डिस्कवर विसंबणारा इंजिनिअर मी तयार केलेला नाही.

तीन तासांची कॅसेट तीनच तास घेते. तिला दुप्पट वेग नाही. तू समोर बसायची गरज नाही, कपडे वाळत घाल. आधी रेकॉर्ड सुरू कर, मग प्ले दाब. पाच मिनिटांनी थांबव, फाइल उघड आणि आवाज येतोय का ऐक. पिवळी पिन चित्राची, पांढरी आवाजाची. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत तू ती उलटी लावली होतीस.