कपट्यांचे ऋण

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९च्या सुमारास, कुर्ट श्विटर्स या जर्मन चित्रकाराने हॅनोव्हर शहरातील ट्रामची वापरलेली तिकिटे, वेष्टने आणि वर्तमानपत्रांचे कपटे यांतून चिकटचित्रे घडवली. ‘कोमेर्त्स’ या व्यापारवाचक शब्दाच्या छापील कपट्यावर उरलेले ‘मेर्त्स’ हेच त्याने आपल्या कलेचे नाव ठरवले. येथे एक नैतिक प्रश्न उपस्थित होतो : परक्या जगण्याचे अवशेष सौंदर्यासाठी वापरण्याचा अधिकार कलावंताला कोठून मिळतो? श्विटर्सच्या चित्रांत छापील अक्षरे, आकडे, फाटक्या कडा तशाच राहतात. वस्तूचा पूर्वेतिहास रचनेत विरून जात नाही. जुन्या लेबलांचे निव्वळ स्मरणरंजन मात्र तो इतिहास पुसून केवळ गोंडसपणा उरवते. प्रेरणा घेणे म्हणजे ऋण घेणे. ते फिटत नसले, तरी कलाकृतीत दिसत राहिले पाहिजे.