मे महिन्यात चालवलेली कात्री



मिशन बंगल्यामागची झुडपे पुन्हा कुंपणाच्या भिंतीवर गेली आहेत. गेल्या रविवारी मिस्सानंतर दोघा-तिघांनी विचारले, "फादर, छाटून का घेत नाही?" उत्तर थोडे लांब आहे, म्हणून इथे लिहितो.

मी इथे नवीन आलो तेव्हा कण्हेर, मेंदी आणि बोगनवेल एकमेकांत इतकी गुंतली होती की विहिरीकडे जायला वाट नव्हती. मे महिना होता, मुलांना सुट्ट्या असल्याने धर्मशिक्षणाचे वर्ग बंद होते आणि खरे सांगायचे तर नव्या माणसाला काहीतरी करून दाखवायची घाई असते. दोन संध्याकाळी कात्री चालवून सगळी झुडपे मी कमरेइतकी केली. मेंदीत बुलबुलाचे घरटे होते, ते खाली पडल्यावर दिसले. आवार मात्र स्वच्छ झाले. लोकांनी कौतुकही केले. पुढच्या पंधरा दिवसांत मेंदीच्या उघड्या पडलेल्या फांद्यांची साल उन्हाने तडकली आणि बोगनवेलीला आलेले कोवळे कोंब जागीच करपले.

आपल्यातले एक मामा दरवर्षी नाशिककडे द्राक्षबागांत छाटणीला जातात. ते झुडपांकडे बघून एवढेच म्हणाले, "कापलं ते ठीक हाय फादर, पण पाणी कोण घालणार व्हतं?"

मी वाद घातला. तिकडे खरड छाटणी एप्रिलमध्येच होते ना? ऐन उन्हात काडी एक-दोन डोळ्यांवर आणतात, तरी वेल मरत नाही. मामांनी शांतपणे समजावले. तिथे कात्रीमागून ठिबक चालू असते. फुटवे आले की शेतकरी ते विरळ करतो. एप्रिलची छाटणी काडी तयार होण्यासाठी आणि ऑक्टोबरची घडांसाठी, हे त्याला आधीच ठाऊक असते. कापणे म्हणजे झाडाला नव्याने फूट म्हणून सांगणे, आणि फुटायला पाणी लागते. आपल्या पट्ट्यात वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. मे महिन्यात झाड साठवलेल्या ताकदीवर तग धरून असते. मी ज्याला माजलेला पसारा समजलो, ती त्याने स्वतःच्या सालीवर धरलेली सावली होती.

संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात माळी फांद्या छाटतो, ते आपण अनेकदा ऐकले आहे. तिथल्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ 'स्वच्छ करणे' असाही होतो. सेमिनरीत हे शिकलो तेव्हा मला तो अर्थ फार आवडला होता. पण तिथे स्वच्छ होते ती फांदी, तिला फळ यावे म्हणून. मी स्वच्छ केले ते माझे आवार.

हे झुडपांपुरते असते तर लिहिले नसते. माझ्या आधीच्या धर्मग्रामात गायकवृंदात एक तरुण तबला वाजवायचा. तो सतत उशिरा यायचा. एका रविवारी मी त्याला सर्वांसमोर सुनावले. शब्द खोटे नव्हते. तो कारखान्यात रात्रपाळी करून थेट चर्चला येत होता, हे मला नंतर समजले. तेव्हापासून तो आला नाही.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी बंधुभावाने केलेल्या कानउघाडणीला प्रेमाचे कृत्य मानले आहे. मात्र त्यामुळे माणूस सुधारण्याऐवजी बिघडेल असे दिसत असेल, तर थांबावे असे ते म्हणतात. त्याच वेळी ज्याच्याकडे अधिकार आहे, त्याने सर्वांच्या हितासाठी कधी कधी शिक्षाही केली पाहिजे, हेही ते मान्य करतात. परीक्षेत हा फरक मी व्यवस्थित लिहिला होता. पण त्या रविवारी मी भाऊ म्हणून बोललो की पॅरिश प्रीस्ट म्हणून? दोन्ही नाही, असे आता वाटते. उशीर झाल्याने माझा खोळंबा झाला होता, म्हणून बोललो. आणि बोलून झाल्यावर मी नाष्ट्याला गेलो. पाणी घालायला कुणी थांबलेच नाही.

गप्प बसणे हाही उपाय नव्हता. न छाटलेल्या कण्हेरीखाली सुकलेल्या काटक्यांचा केवढा ढीग असतो, ते मी पाहिले आहे. प्रत्येक घरात आई-वडिलांना, शाळेत शिक्षकांना कात्री हातात घ्यावीच लागते.

तर झुडपांचे असे ठरले आहे. वाळलेल्या फांद्या आताच काढतोय, त्याने झाडाला त्रास होत नाही. बाकीचे काम पाऊस धरल्यावर, आधी घरटी बघून. जुन्या जाड फांद्या बुडापासून काढायच्या आणि एका वर्षी झुडपाचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नाही. मदतीला येणाऱ्यांनी हातमोजे आणावेत, कण्हेरीचा चीक विषारी असतो. तिच्या फांद्या जाळूही नयेत, धूरही तसाच.

त्या तरुणाच्या घरी मी दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा तो ड्युटीवर होता. दुसऱ्यांदा घरात होता, बाहेर आला नाही. त्याच्या आईने चहा केला. तबला खोलीच्या कोपऱ्यात होता, वर स्वच्छ कापड घातलेले. नाताळनंतर पुन्हा जाणार आहे.