कडेवरचे नाव

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे लंडनला गेलो होतो. पोर्टोबेलो रस्त्यावर शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे एका पेटीत पहिल्या महायुद्धाची पदके होती. चांदीचे एक हाती घेतले. कडेवर इंग्रजीत शिपायाचा क्रमांक, अस्सल मराठी नाव आणि पलटण कोरलेली : ११० मराठा. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ रोजी शत्रूच्या हाती पडलेली ती पलटण.

शेजारचेच कांस्याचे पदक महाग होते. मजूर-तुकड्यांतल्या माणसांना चांदी न देता कांसे दिले. अशी पदके कमी निघाली, म्हणून आज भाव चढा. ज्यांना कमी लेखले, त्यांचेच मोल वाढले! बाजार दुर्मीळपणा मोजतो, माणूस नव्हे.

आणि मी? मीही घासाघीस करून दोन पौंड कमी करवले.

बडोद्याला परतल्यावर शेजारच्या बेननी विचारले, “आ कोनुं छे? दादानुं?” ‘हो’ म्हणणे खोटे होते. ‘माझे’ म्हणायला जीभ रेटेना.

न घेते तर दुसऱ्याने घेतले असते, हे समर्थन मला पुरत नाही. पैशाने चांदी आपली होते, मान होत नाही. आपण फक्त राखणदार. चांदी फार घासली तर कडेवरची अक्षरे झिजतात. म्हणून दिवाळीत घरातली सारी भांडी लखलखतात; ते पदक मात्र मी काळेच ठेवतो.