धूर गेल्यानंतर

पौषातली संध्याकाळ आहे. भोपाळात आज रात्री पारा दहाच्या खाली जाईल. बाग सेवनियाच्या एखाद्या गल्लीत, घराच्या दारासमोर, जुन्या लोखंडी बादलीला आतून माती लिंपून केलेली सिगडी नुकतीच पेटवली आहे. तिच्यासमोर पाट टाकून बसा. शेकायला बसलो आहोत खरे, पण आज नजर निखाऱ्यावर ठेवायची आहे. तो किती तापलेला असावा, एवढ्याच प्रश्नापाशी थोडा वेळ थांबायचे आहे.

आधी धूर बघा. पिवळट, दाट, डोळ्यांना झोंबणारा. दगडी कोळसा तापत जातो तशी त्यातली वायुरूप द्रव्ये आणि डांबर बाहेर पडू लागते. जाळ अजून पुरेसा तापलेला नसतो, म्हणून ते न जळताच वर जाते. हा कोळसा गोंडवन काळातला, २५ कोटी वर्षांहून जुना आहे. भोपाळच्या दक्षिणेला, बैतूल जिल्ह्यात पाथाखेड्याच्या खाणी आहेत. तिथले थर त्याच गोंडवन काळातले. इतका काळ दाबून राहिलेले द्रव्य आता पाऊण तासात मोकळे होते आहे. होऊ द्या. धूर तुमच्याकडे आला तर पाट सरकवा.

आता थांबा. हळूहळू धूर विरळ होतो, मग दिसेनासा होतो. घराघरांत या क्षणी एक वाक्य ठरलेले असते: "धूर गेला, घ्या आता सिगडी आत." आजी म्हणते, आई म्हणते, आपणही म्हणत आलो. या वाक्यापाशी आपण आज बसून राहू या, कारण घात इथेच होतो.

निखाऱ्यांकडे वाकून बघा, पण चेहरा थेट वर आणू नका. थराच्या वर निळसर, पातळ ज्योत नाचताना दिसेल. ती कशाची आहे? सिगडीच्या खालच्या झरोक्यातून हवा आत शिरते. तळाच्या कोळशाला प्राणवायू मिळतो आणि तिथे कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो तापलेल्या थरातून वर चढताना पुन्हा कोळशाशी मिळतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. थर जितका जाड आणि तापलेला, तितका हा वायू जास्त. वर पोचल्यावर त्याला ताजी हवा आणि सुमारे ६०० अंशांहून अधिक उष्णता मिळाली, तर तो तिथेच निळ्या ज्योतीने जळून जातो. म्हणजे डोळ्यांसमोर जी ज्योत नाचते आहे, ती विष जळत असल्याची खूण आहे.

मग ती विझली की काय होते? विष तयार व्हायचे थांबत नाही. जळायचे मात्र थांबते.

हे मनात नीट बसू द्या. तापलेली सिगडी धोक्याची आणि निवलेली सिगडी बिनधोक, असा आपला हिशोब असतो. पोळण्यापुरता तो खरा आहे. श्वासापुरता तो अनेकदा उलटा पडतो. राखेखाली दबलेला, मंद, शांत दिसणारा निखारा रात्रभर तो वायू सोडत राहतो, आणि आपण नेमकी तीच सिगडी उशाशी घेतो. लोणारी कोळसा असला तरी फरक पडत नाही. त्याला मुळातच धूर कमी, म्हणून त्याच्यावर विश्वास जास्त बसतो, एवढेच.

आता रंग वाचायला शिकू. थंड देशांत घरातल्या कोळशाच्या स्टोव्हला धुराडे असते आणि त्याच्या नळीला चुंबकाने चिकटणारा थर्मामीटर लावतात. आपल्या सिगडीला धुराडेच नाही, तेव्हा डोळा हाच थर्मामीटर. अंधारात निखारा जेमतेम लाल दिसतो तेव्हा तो सुमारे ६०० अंशांवर असतो. गुंजेसारखा लखलखीत लाल झाला की ८०० च्या आसपास. नारिंगी झाला की हजाराकडे निघाला. पुठ्ठ्याने दोनदा वारा घाला आणि बघा, लाल कसा नारिंगीकडे सरकतो. हवा हाच इथला लगाम आहे. झरोका उघडा तर ताप चढतो, राखेने बुजला तर उतरतो. म्हणून पेटवण्याआधी जाळीखालची राख काढणे हे स्वच्छतेचे काम कमी आणि सुरक्षेचे जास्त आहे.

वरची मर्यादाही आहे. मातीचे लिंपण तडकले असेल तर बादलीचा पत्रा एखाद्या ठिकाणी तांबूस दिसू लागतो. पत्रा स्वतः उजळला म्हणजे तो ५०० अंशांच्या पुढे गेला. तिथे पडदा, चटई, लहान मुलाचा हात, काहीही जवळ नको. झरोका थोडा झाका, आणि दुसऱ्या दिवशी ते लिंपण नीट करा. तापल्या सिगडीवर पाणी ओतू नका. वाफ आणि राख उसळून अंगावर येते, लिंपणही फुटते.

आता हातात चिमटा घ्या आणि एक कोळसा टाकून बघा. सगळ्या थरावर ताजा कोळसा पसरला तर काय होते? वरचा भाग एकदम निवतो, निळी ज्योत मरते, पुन्हा धूर सुरू होतो आणि त्या धुराबरोबर न दिसणारा वायूही न जळता सुटतो. म्हणून जाणती माणसे कोळसा एका कडेला, थोडा थोडा घालतात आणि दुसरी कड धगधगती उघडी ठेवतात. त्या उघड्या कडेवर वायू पेटत राहतो. ही साधी गोष्ट मला फार मोलाची वाटते: उपाशी आगीला वाढायचे, पण तिचे तोंड झाकायचे नाही.

एक सावकाश श्वास घ्या. गल्लीतली गार हवा आत जाते आहे, तिच्यात सुमारे २१ टक्के प्राणवायू आहे. रक्तातले हिमोग्लोबिन तो उचलते. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो आणि लवकर सुटत नाही. मोकळ्या हवेत आल्यावरही त्याचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. दवाखान्यात शुद्ध प्राणवायू दिला तर हेच काम साधारण तास-दीड तासात होते. कार्बन मोनॉक्साइडचे वजन जवळजवळ हवेइतकेच, म्हणून तो खाली साचत नाही, वरही निघून जात नाही, खोलीभर मिसळतो.

हवेबद्दल या शहराला वेगळे सांगायला नको. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री शहराच्या उत्तरेकडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला. डोळे जळाले, छाती भरून आली, लोक झोपेतून उठून पळाले, आणि तरीही हजारो गेले. सिगडीच्या वायूची त्या मोठ्या दुर्घटनेशी तुलना करायची नाही. पण एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे: हा वायू डोळे जाळत नाही, खोकला आणत नाही, त्याला वास नाही. तो झोपलेल्याला उठवत नाही. एमिल झोला, ज्याने खाणकामगारांवर 'जर्मिनाल' ही कादंबरी लिहिली, तो १९०२ च्या सप्टेंबरात पॅरिसच्या घरी याच वायूने गेला. शेगडीचे धुराडे तुंबले होते. पत्नी थोडक्यात वाचली.

तेव्हा सिगडीचे सुरक्षित तापमान कोणते? निखारा लाल ते नारिंगी, वर निळी ज्योत जिवंत, थर पातळ, झरोका उघडा, पत्रा काळाच, आणि डोक्यावर आकाश. शेवटची अट सुटली तर आधीच्या सगळ्या व्यर्थ आहेत. बंद खोलीत कुठलेही तापमान सुरक्षित नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रक्रिया न केलेला कोळसा घरगुती इंधन म्हणून वापरूच नये असे सांगितले आहे, आणि ते मला पूर्ण पटते. ज्याच्याकडे गॅस आहे त्याने भोगीची भाकरी गॅसवरच करावी, भरिताचे वांगे फार तर अंगणात भाजावे.

पण सगळ्यांकडे पर्याय नसतो. बाग सेवनियाच्या शेजारीच एम्स आहे. लांबून आलेले रुग्णांचे नातेवाईक, मजूर, विद्यार्थी एका खिडकीच्या खोलीत हिवाळा काढतात, आणि गारठ्यात दार लावून घ्यावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. अशा कोणाशी तुमची ओळख असेल तर आजच सांगा. सिगडी दाराबाहेरच ठेवा. झोपण्याआधी निखारे पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात घालून तो डबाही बाहेरच राहू द्या. खोलीत एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, मळमळले, गरगरले, तर दार उघडून सगळ्यांना बाहेर काढा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना सिगडीचे आवर्जून सांगा. आणि तुमच्या घरी जास्तीची गोधडी असेल तर ती त्यांना द्या.