सेवेचा हात

एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी ज्यांनी आयुष्यभर स्वहस्ते केली, अशा दिंडोरीजवळच्या एका द्राक्षबागायतदारांकडे आम्ही गेलो होतो. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा केला आहे. पत्नी घास भरवतात, सून गुंड्या लावते, नातू पायात वहाणा सरकवतो. सेवेत कुठे उणे नाही. तरीही परतताना आम्हांस प्रश्न पडला : ही सेवा त्या हाताला आधार देते, की त्याचा उरलासुरला हक्क हिरावून घेते?

प्रश्न कृतघ्नपणाचा वाटेल. पण त्यामागे शास्त्र आहे. प्रौढांच्या मेंदूतील वाटा कायमच्या ठरून गेलेल्या असतात, असे थोर स्पॅनिश संशोधक रामोन इ काहाल यांनी १९१३-१४ च्या ग्रंथात लिहिले आणि वैद्यकाने ते दीर्घकाळ प्रमाण मानले. मेलेल्या पेशींची जागा सहसा भरून निघत नाही, हे खरेच. वेल छाटली तर डोळा फुटतो. मेंदूबाबत ती खात्री नाही. मात्र शेजारच्या जिवंत पेशी नवे फाटे काढतात, निद्रिस्त जोडण्या जाग्या होतात आणि संदेश आडवाटेने पोहोचू लागतो. त्या आडवाटेला वहिवाट मात्र हवी. १९९६ मध्ये रँडॉल्फ नुडो यांनी माकडांवरील प्रयोगातून दाखविले की, इजेनंतर हाताला सराव दिला तर मेंदूतील त्याचा इलाखा टिकतो. न दिल्यास इजेशेजारचा शाबूत भागही हातून जातो.

एडवर्ड टाउब यांनी तर चांगला हातच अडकवून ठेवण्याचा उपचार काढला. अमेरिकेतील २२२ रुग्णांच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा उपचार मिळालेल्यांच्या चांगल्या हातावर दोन आठवडे मोजा चढवून दुबळ्या हाताकडून कामे करवून घेतली. लाभ वर्षभरानंतरही दिसला. धडधाकटाला बांधून दुबळ्याला वाव देण्याचा हा न्याय आम्हांस विलक्षण वाटतो. पण त्या चाचणीत मनगट व बोटे थोडी तरी हलविता येणारेच घेतले होते. ज्याचे बोटही हलत नाही, त्याला 'प्रयत्न करा' म्हणून सुनावणे हे निर्दयपणाचेच. तेव्हा माया करणाऱ्याने आधी बोटांकडे पाहायला हवे.

पुढच्या भेटीत त्यांची तर्जनी अंगठ्याला टेकलेली आम्ही पाहिली. पत्नींनी कप उजव्या हातात दिला. अर्धा चहा धोतरावर सांडला. त्या पदर सावरून उठल्या, आणि पुन्हा खाली बसल्या.